सव्वापाचची गाडी आणि कौसल्याबाईंची कवळी

शिंप्याला आपण शिवलेला सदरा कधीतरी रस्त्याने चालताना दिसतो. गवंड्याला आपली भिंत दिसते. कवळी करणाऱ्याला मात्र आपले काम सहसा पुन्हा दिसत नाही. ते कोणाच्या तरी तोंडात जाते आणि तिथेच राहते. चांगले झाले असेल तर कोणाच्या लक्षात येत नाही. बिघडले असेल तर ते ज्याच्या तोंडात आहे त्यालाच कळते, आणि म्हातारी माणसे अशा बाबतीत फारशी तक्रार करीत नाहीत. त्यांच्या या गप्प राहण्यावर मी सात वर्षे निभावून नेले. त्याविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

मी दंततंत्रज्ञ आहे. दंतवैद्य वेगळे. रुग्णाच्या तोंडात हात घालण्याचा अधिकार त्यांचा; ते माप घेऊन पाठवतात आणि त्यावरून आम्ही दात करतो. अख्खी कवळी कशी होते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सारी हकीकत त्यातल्या एका पायरीवर उभी आहे. हिरड्यांच्या मापात प्लास्टर ओतून आम्ही साचा काढतो. म्हणजे रुग्णाचे तोंड पांढऱ्या दगडासारखे आमच्या टेबलावर येऊन बसते. त्यावर गुलाबी मेण चढवून एकेक दात लावायचा. ही मेणाची कवळी डॉक्टर रुग्णाच्या तोंडात घालून पाहतात. ओठ मिटतात का, हसताना दात किती दिसतात, ‘स’ आणि ‘फ’ नीट उमटतात का. सगळे पसंत पडले की ती साच्यासकट एका पितळी डब्यात प्लास्टरमध्ये गाडायची, उकळत्या पाण्याने मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत कणकेसारखे मळलेले ॲक्रिलिक दाबून भरायचे. डबा आवळून पाण्यात ठेवायचा आणि पाणी हळूहळू तापवायचे.

त्यानंतरची पायरी अशी की, काहीही करायचे नाही. पाणी आपोआप निवू द्यायचे. रात्रभर निवले तर सर्वांत उत्तम. घाईने गरम डबा नळाखाली धरून उघडला, तर ॲक्रिलिक आतल्या आत ओढ खाते. डोळ्यांना काही दिसत नाही. टाळूच्या मागच्या बाजूला कड केसभर उचलली जाते, इतकेच. पण त्या केसभरामुळे वरची कवळी बोलताना खाली येते आणि चावताना हिरडीला टोचते.

हे सारे मला काळे मॅडमनी शिकवले. अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता आणि त्याच्या मागच्या खोलीत मी तेरा वर्षे काम केले. त्यांचा एक नियम होता. प्रत्येक अख्ख्या कवळीचा साचा दोनदा करायचा. पहिला कवळी काढताना फुटतोच. दुसऱ्याच्या तळाशी पेन्सिलीने नाव लिहून तो वर्षभर फडताळात ठेवायचा. सुरुवातीला मला ती प्लास्टरची नासाडी वाटे. पुढे हात आपोआप दोन साचे करू लागले.

त्या खोलीत माणसे माझ्यासमोर येऊन बसत. एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांच्या पुढच्या दोन दातांत जन्मभर फट होती. मी कवळीत दात अगदी सरळ, एकाला एक लावून बसवले आणि मनातून खूश होतो. त्यांनी आरशात पाहिले आणि म्हणाले की हा गृहस्थ चांगला दिसतो, पण माझ्या ओळखीचा नाही. मी फट परत घातली. शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे व्यापारी होते. मेणाची कवळी तोंडात घालून पाहायची असते, तिने काही खायचे नसते, हे मॅडमनी त्यांना दोनदा बजावले होते. त्या हात धुवायला वळल्या तेवढ्यात त्यांनी खिशातले संत्रे काढून, सोलून, चावलेच. पुढचे चार दात संत्र्यात राहिले. त्यांनी ते संत्रे तसेच माझ्यापुढे धरले आणि गंभीरपणे विचारले, “यालेबी आता कवळी बनवून देता का?” त्या दिवशी मॅडमना हसताना मी पाहिले. एरवी त्या क्वचितच हसत.

अकोल्याच्या एका मोठ्या लॅबकडून विचारणा झाली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. पगार जवळपास दुप्पट, भविष्यनिर्वाह निधी, हाताखाली सहा माणसे आणि ‘मुख्य तंत्रज्ञ’ हे पद. पत्नी सुनंदा अमरावतीतच शाळेत शिक्षिका, तिची बदली होण्याजोगी नव्हती. मुलगी रेवती नववीत. तेव्हा राहायचे अमरावतीत आणि नोकरी अकोल्यात, म्हणजे आमच्याकडे ज्याला अपडाऊन म्हणतात ते करायचे, की आहे तिथेच राहायचे, असा प्रश्न होता. सुनंदाने तो डाळ निवडता निवडता मांडला. “गाव बदलावं तर माझी नोकरी जाते. नाही म्हणावं तर तुमचा पडलेला चेहरा मला रोज पाहावा लागेल. मग काय, गाडीच राहिली.” आम्ही दोघांनी येण्याजाण्याचे तास मोजले, रेवतीची पुढची वर्षे मोजली, माझ्या कंबरेचे दुखणेसुद्धा हिशेबात धरले. मोजायचे आणखी काही असेल असे वाटले नाही.

ते मॅडमनी मोजले. राजीनामा द्यायला गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “परतीची गाडी किती वाजताची?”

“सव्वापाचची.”

“आणि डबे पाण्यात कधी पडणार?”

मी म्हणालो, दुपारी दोनपर्यंत.

“मग पाणी कधी निवणार, राऊत?”

तिथे सगळी नवी यंत्रे आहेत, असे काहीतरी मी उत्तर दिले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. यंत्रे खरोखर नवी होती. पाणी मात्र तेच होते.

मग सात वर्षे सकाळी स्कूटरने बडनेरा, ती स्टँडवर लावायची, तिथून गाडी. मूर्तिजापूरला चहा. या प्रवासाबद्दल वाईट लिहायला माझा हात धजत नाही. पासवाल्यांचा आमचा एक डबा ठरलेला असे. जो आधी पोचेल त्याने रुमाल टाकून बाकीच्यांच्या जागा धरायच्या. जलसंपदा खात्यातले गावंडे नावाचे गृहस्थ आमचे म्होरके. माझे वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी सबंध बाक माझ्या घरी आला होता. गावंड्यांनीच मला पहिल्या आठवड्यात पासवाल्यांची शिस्त शिकवली. “साडेचारले हातातलं काम ठेवून द्यायचं, राऊत. काम कुठी पयते? पयते ते गाडी.” पळते ती गाडी, हे त्यांचे म्हणणे मी मनोभावे पाळले.

पाळले ते असे. डबे दोनला पाण्यात पडत. चारच्या सुमारास मी ते बाहेर काढून नळाखाली धरी आणि उघडी. मग घासून चमकावण्याचे काम हाताखालच्या दोघी मुली संध्याकाळी करीत आणि सकाळच्या एस.टी.ने कवळ्या बाळापूर, पातूर, वाशीमकडे रवाना होत. रात्रभर निवू दिले असते तर एक दिवस उशीर झाला असता, आणि मालकांनी डॉक्टरांना ठरल्या दिवसाचा शब्द दिलेला होता. दुसऱ्या कोणाला सात वाजता डबे उघडायला सांगता आले असते. पण डबा फोडताना कवळी तडकते, ते नाजूक काम आहे, आणि ते दुसऱ्याच्या हाती द्यायला माझा अभिमान तयार नव्हता. मी स्वतः थांबलो असतो तर पुढची गाडी दोन तासांनी होती. पहिल्या महिन्यात मी दोनदा थांबलो. नंतर थांबलो नाही.

बहुतेक कवळ्या तरीही ठीक बसत. काही परत येत. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असे, ‘सैल आहे’ किंवा ‘टोचते’. त्यावर उत्तर लिहून पाठवणे मुख्य तंत्रज्ञाचे काम. मी लिहीत असे : ‘हिरडी आकसली आहे.’ हे कारण खोटे ठरवणे कठीण असते, कारण दात काढल्यावर हिरड्या खरोखरच आकसतात. दहांतल्या काही जणांच्या बाबतीत ते खरेही असेल. त्या काहींच्या आडोशाने मी बाकीचे खपवले.

आणि गंमत अशी की, दुसरा साचा करण्याची सवय अकोल्यातही सुटली नव्हती. माझ्या कपाटात वर्षभराचे साचे नावानिशी रांगेत होते. परत आलेली कवळी तिच्या साच्यावर ठेवून पाहिली असती तर दोष कोणाचा ते अर्ध्या मिनिटात कळले असते. साच्यातली हिरडी काही आकसत नाही. कवळी साच्यावर चपखल बसली तर रुग्णाची हिरडी बदलली. साच्यावरही डुलली तर ती माझ्याच हातून वाकडी निघाली. सात वर्षांत मी ही परीक्षा एकदाही केली नाही.

एका दुपारी पातूरच्या कौसल्याबाई लॅबमध्ये आल्या. रुग्णाने थेट लॅबमध्ये येण्याची पद्धत नसते, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. सत्तरीच्या, काटक, नऊवारीतल्या बाई. घरच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती करायच्या आणि गावात बसून विकायच्या. हातात स्टीलची लहान डबी.

“दात बनवनारे भाऊ इथीच बसतात का?”

मी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी डबी उघडली. ओल्या फडक्यात माझी कवळी होती. आठ महिन्यांपूर्वीची. पातूरच्या डॉक्टरांनी तीनदा घासून दिली होती आणि शेवटी हात टेकले होते. मी विचारले, जेवण कसे होते? त्या म्हणाल्या, भाकर वरणात भिजवून. दात घालून बोलले की वरचे खाली येतात आणि गिऱ्हाईक हसते, म्हणून दात डबीत आणि डबी फुलांच्या टोपलीखाली. “पन बिनदाताचं तोंड पाह्यलं का गिऱ्हाईक भाव पाडून मांगते, भाऊ. त्याले वाटते, म्हातारी काय बोलन.” हे सांगताना त्या स्वतःच हसल्या आणि सवयीने तोंडावर पदर धरला.

मग म्हणाल्या, “माह्या तोंडातच खोट असन. तुमचं काम तं लय बारीक हाय. डॉक्टरनं ही चिठ्ठी देल्ली. मले वाचता येत नाई. काय लेयलं हाय, सांगा बरं.”

चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती. मी ती वाचली. ‘हिरडी आकसली आहे.’ माझे अक्षर चांगले आहे असे लोक म्हणतात. त्या दिवशी ते वाचताना मला माझाच आवाज ओळखू येईना.

कौसल्याबाईंनी मान डोलावली. “म्हनजे माहीच खोट.”

भिंतीवर चार पस्तीस झाले होते. मी म्हणालो, ठेवून जा, पाहतो. त्यांनी डबी माझ्या टेबलावर ठेवली, फडके नीट घडी करून झाकणाखाली दाबले आणि बसस्थानकाकडे गेल्या.

मी कपाट उघडले. तिसऱ्या रांगेत साचा होता, तळाला पेन्सिलीने ‘कौसल्याबाई, पातूर’. कवळी त्यावर ठेवली. बोटाने दाबली. ती डुलली. मागच्या कडेखाली मी ती चिठ्ठी सरकवून पाहिली; कागद अडला नाही, सहज आत गेला.

यानंतर मी काय केले ते लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. मी कवळी आणि साचा कपाटात ठेवले, हात धुतले आणि सव्वापाचची गाडी पकडली.

गावंड्यांनी रुमाल टाकून जागा धरली होती. बोरगाव सुटल्यावर मी त्यांना सगळे सांगितले, चिठ्ठीचेही सांगितले. गावंडे थट्टेखोर माणूस, पण त्यांनी थट्टा केली नाही. अगदी सावकाश म्हणाले, “मंग आज कावून आला गाडीवर?”

मूर्तिजापूरला त्यांनी माझ्यासाठी चहा आणला.

दुसऱ्या दिवशी सुनंदाला सांगून गेलो की आज कदाचित उशीर होईल. ठेवलेल्या साच्यावरून आणखी एक साचा काढला आणि त्यावर कवळी पहिल्यापासून नव्याने मांडली. संध्याकाळी डबा पाण्यात सोडला आणि मुलींना बजावले की हा कोणीही उघडायचा नाही. सकाळी येऊन उघडला. पाणी गार होते. कवळी ठेवणीतल्या साच्यावर ठेवली तर उचलताना बारीकसा आवाज झाला, ओठ सुटल्यासारखा. हा आवाज मी काळे मॅडमच्या मागच्या खोलीत सोडून आलो होतो.

पातूरच्या डॉक्टरांना फोन करून खरे ते सांगितले. ते तरुण गृहस्थ. म्हणाले, “रविवारी घेऊन या. पण बाईंना तुम्हीच सांगायचं, मी नाही.”

रविवारी एस.टी.ने पातूरला गेलो. डॉक्टरांनी कवळी बसवली, ओढून पाहिली, पसंतीची मान हलवली. कौसल्याबाईंनी आरसा बाजूला सारला आणि मला घरी चला म्हणाल्या. घर जवळच होते. ओसरीवर झेंडूचे ढीग आणि हार ओवत बसलेली सून. त्यांनी ज्वारीची भाकर घेतली, कोरडीच, मोडली आणि तुकडा तोंडात टाकला. मी त्यांच्या जबड्याकडे पाहत होतो. ती माझी धंद्याची सवय. डावीकडून चावला, उजवीकडून चावला, गिळला. दुसरा तुकडा मोडला.

तेव्हा मी सांगितले की खोट तुमच्या तोंडात नव्हती, माझ्या कामात होती. कवळी निवू न देता काढली म्हणून ती वाकली, आणि ते लपवण्यासाठी मी चिठ्ठीत हिरडीला दोष दिला.

त्यांचे चावणे थांबले. “निवू कावून नाई देल्ली?”

“माझी गाडी सुटत होती. सात वर्षं अमरावतीहून जाऊन-येऊन करतो.”

“मंग दुसरी नोयती?”

“होती. दोन तासांनी.”

कौसल्याबाईंनी हातातला तुकडा ताटात ठेवला. सुनेचे हारातले हातही थांबले. “आठ महिने भाकर भिजवून खाल्ली मी,” त्या म्हणाल्या. “दोन घंट्यासाठी.”

त्या रागावून बोलल्या नाहीत. हिशेब पडताळून पाहावा तशा बोलल्या. मी हात जोडले. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. मला वाटते, त्यांनी मला माफ केले नाही, आणि ते योग्यच होते. थोड्या वेळाने उरलेली भाकर त्यांनी संपवली. मी निघालो तेव्हा सुनेला सांगून शेवंतीची एक पुडी बांधून दिली. “घरच्या बाईले द्या. तिनंबी सात वर्सं तुमची वाटच पाह्यली असन.”

सुनंदाने ती फुले पाहिली आणि कोणी दिली ते विचारले. मी सगळे सांगितले. ती फुलांची देठे खुडू लागली. मग म्हणाली, “मला वाटायचं, तुम्ही गाडीमुळे थकता.”

पुढची हकीकत मोठी नाही. अख्ख्या कवळ्या रात्रभर निवू द्याव्यात असे मी मालकांना सुचवले. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण म्हणाले, “राऊत, एक दिवस उशीर झाला तर डॉक्टर दुसरीकडे जातात. तुम्ही शेवटी लॅब चालवायला आलात.” एवढी परवानगी मात्र त्यांनी दिली की कपाटात ज्यांचे साचे आहेत त्यांच्या डॉक्टरांना मी आपल्या जबाबदारीवर फोन करावेत. मी सगळ्यांना केले. सात कवळ्या परत आल्या. त्यांतल्या पाच साच्यावर डुलल्या. त्या मी सुट्टीच्या दिवशी जाऊन नव्याने केल्या. सहा महिन्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी गावंड्यांनी माझ्या जागेवर रुमाल टाकला आणि मी बडनेऱ्याला उतरेपर्यंत तो उचलला नाही. मी सबंध वाट उभ्यानेच आलो. त्यांना तसे का करावेसे वाटले ते त्यांनी सांगितले नाही. मला ते कळले : ज्या जागेसाठी मी सात वर्षे डबे घाईने उघडले, तिच्यावर त्या दिवशी मी बसायचे नव्हते.

ती नोकरी घेणे चूक होते असे मी म्हणणार नाही. रेवतीचे शिक्षण त्या पगारातून झाले. ती आज नागपूरला औषधनिर्माणशास्त्र शिकवते. रोज शंभर किलोमीटर जाऊन-येऊन नेकीने काम करणारी माणसे माझ्याच बाकावर बसत असत. गाडीचा दोष नाही. मी माझे घड्याळ दुसऱ्याच्या तोंडात बसवले, हा माझा दोष.

आता मी अमरावतीतच दोन खोल्यांच्या एका लॅबमध्ये काम करतो. पगार कमी आहे. काळे मॅडम दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला असतात. नवी नोकरी कळवायला फोन केला तर त्यांनी विचारले, घरापासून किती लांब? मी म्हणालो, चालत बारा मिनिटे. त्या “बरं” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आता निवू द्या.”

संध्याकाळी डबे पाण्यात सोडून मी घरी येतो. पण अकोल्यात वर्षापेक्षा जुने साचे मी दर दिवाळीला फोडून टाकत असे. त्या आधीच्या सहा वर्षांतल्या माणसांची नावे माझ्याकडे नाहीत. कोण कुठल्या गावी भाकर भिजवून खात आहे, मला शोधता येणार नाही. हा अंक अकोला, वाशीम, बुलढाण्याकडे जातो म्हणून येथे लिहितो. आपल्या घरात कोणाची कवळी डबीत पडून असेल, आणि हिरडी आकसली म्हणून सांगितले गेले असेल, तर एकदा पुन्हा डॉक्टरांकडे जा. चिठ्ठीवरचे अक्षर फार सुबक असेल, तर नक्की जा.